देवनागरीला पाय कोणी मागितले?

गेल्या महिन्यात आमच्या शहरातील एका जुन्या मराठी संस्थेच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ ठरविण्याकरिता बैठक भरली होती. संस्थेचे नाव आम्ही सांगत नाही, कारण दोष तिच्या एकटीचा नव्हे. हैदराबादेत काय आणि मुंबई-पुण्यास काय, हल्ली पुष्कळ ठिकाणी हेच चालले आहे. मुखपृष्ठावर संस्थेचे नाव वर मराठीत व खाली इंग्रजीत यावयाचे होते. चित्रकाराने आणलेल्या नमुन्यातील इंग्रजी अक्षरे देखणी होती यात शंका नाही. जाड, ठाम, आणि प्रत्येक उभ्या रेघेच्या तळाशी चौकोनी लादी बसविलेली. पण त्यांच्या डोक्यावरील मराठी नावातही प्रत्येक दंडाच्या आणि प्रत्येक कान्याच्या तळाशी तशीच लादी बसविलेली होती. एकाच दुकानातून दोघा भावांना एकाच मापाचे बूट आणावेत आणि थोरल्याला ते होऊ नयेत, तसा तो प्रकार होता.

सभासदांस नमुना फार आवडला. दोन्ही भाषांत एकरूपता आली, असा अभिप्राय पडला. आम्ही हरकत घेतली तेव्हा अध्यक्ष हसून म्हणाले, “वकीलसाहेब, वाचता आले म्हणजे बस झाले. अक्षराच्या पायात काय आहे ते कोण वाकून पाहतो?” इतिवृत्तात आमची हरकत ‘एका सभासदाची किरकोळ सूचना’ म्हणून नोंदली गेली आणि निर्णय पुढील बैठकीवर गेला. किरकोळ या शब्दाचा आम्हांस राग नाही. न्यायालयात किरकोळ अर्जावरच पुष्कळदा मूळ दाव्याचे भवितव्य ठरून जाते. तेव्हा हा आमचा किरकोळ अर्ज आम्ही या पानांवर दाखल करीत आहोत. येथील वाचक मराठी आणि कोंकणी दोन्ही वाचणारे, एकाच लिपीत दोन भाषा नांदविणारे आहेत. लिपीला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे त्यांस इतरांहून अधिक ठाऊक असावे.

ज्या अक्षरावरून हा वाद, त्याची आधी नीट ओळख करून घेऊ. कारण ज्याची आपण नक्कल करतो ते काय आहे, हे बैठकीत कोणासच ठाऊक नव्हते. रोमन अक्षराच्या रेघेच्या टोकाला जे लहानसे पाऊल असते त्यास इंग्रजीत सेरिफ म्हणतात. नेहमीच्या ग्रंथी टायपात हे पाऊल निमुळते असते. तेच पाऊल दंडाइतके किंवा जवळजवळ तितकेच जाड आणि चौकोनी केले, की त्या वळणास ‘स्लॅब सेरिफ’ म्हणतात. स्लॅब म्हणजे लादी. शहाबादी फरशीच्या घरांत वाढलेल्या हैदराबादकरांस लादी म्हणजे काय हे समजावून द्यावयास नको. आम्ही या वळणास ‘लादीचे अक्षर’ म्हणतो. आबिड्सच्या रस्त्याने जाताना ‘सोनी’ किंवा ‘होंडा’ यांची इंग्रजी पाटी ज्याने पाहिली आहे, त्याने हे अक्षर पाहिले आहे.

हे अक्षर लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जन्मास आले. व्हिन्सेंट फिगिन्स या ओतकाराच्या नमुनापुस्तकात ते ‘अँटिक’ या नावाने दिसते. पुढे त्यास ‘इजिप्शियन’ हे नाव चिकटले. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपास इजिप्तचे वेड लागले होते, आणि जे जे जाड व भरभक्कम दिसे त्यास इजिप्तचे नाव देण्याची तेव्हा चाल होती. एरवी इजिप्तच्या लिपीशी या अक्षराचा काडीचाही संबंध नाही. संबंध होता तो गिरण्यांशी, आगगाडीशी, सोडतीशी आणि नाटकांच्या जाहिरातींशी. जुनी नाजूक अक्षरे मांडीवर घेतलेल्या ग्रंथासाठी कोरलेली होती. रस्त्यापलीकडच्या भिंतीवरून ओरडण्याचे काम त्यांना कोणी शिकविले नव्हते. ते काम करण्यासाठी हे नवे अक्षर घडविले गेले. त्याचे पाय जाड आहेत ते शोभेसाठी नव्हेत. स्वस्त कागद, घाईची छपाई आणि दुरून पाहणारा डोळा या तिघांशी सामना करताना बारीक टोके पुसली जात असत, म्हणून ते जाड झाले.

या घराण्यातील सर्वांत सभ्य अक्षर म्हणजे ‘क्लॅरेंडन’. लंडनच्या फॅन स्ट्रीट ओतशाळेत रॉबर्ट बेस्ली याने ते १८४५ साली काढले. ठसे बेंजामिन फॉक्स या कारागिराने कोरले. क्लॅरेंडनची लादी दंडाला काटकोनात आपटत नाही, ती किंचित वळण घेऊन मिळते. आणि जाड-बारीक रेघांतील भेद त्यात थोडा राखलेला आहे. त्यामुळे नेहमीच्या टायपाच्या ओळीत एखादाच शब्द ठळक करावयाचा झाला तर क्लॅरेंडन त्या ओळीत शेजाऱ्यासारखे बसे, दांडगाई करीत नसे. कोशकारांना हे वरदान ठरले. ऑक्सफर्डच्या महाकोशाची पहिली पुस्तिका १८८४ साली निघाली. त्यात मूळ शब्द या वळणाच्या ठळक टायपात आहेत, आणि अर्थांच्या गर्दीत डोळा ते बिनचूक हुडकून काढतो.

लादीच्या अक्षराचा दुसरा मोठा उपयोग तर आमच्या धंद्यात झाला. टंकलेखन यंत्रात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. रुंद ‘एम’ला जेवढी, तेवढीच काडीएवढ्या ‘आय’ला. मग त्या काडीच्या दोन्ही बाजूंस मोकळे रान राहते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. यावर तोड म्हणून ‘आय’च्या पायाखाली लांब लादी घातली, आणि ते रान भरून निघाले. आय.बी.एम.साठी हॉवर्ड केटलर याने १९५० च्या दशकात रेखाटलेले ‘कुरिअर’ हे अक्षर याच युक्तीचा उत्तम नमुना होय. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे कागद २००४ पर्यंत त्या वळणात निघत. आमच्याकडे गोदरेजने भारतीय बनावटीचे यंत्र १९५५ साली काढले आणि २००९ साली त्याचे उत्पादन थांबविले. आम्ही सनद घेतली तेव्हा कचेऱ्यांच्या पडवीत टंकलेखकांचा खडखडाट अजून ऐकू येत असे, आणि अशिलाच्या आयुष्याची सारी कहाणी त्या लादीच्या पायांवर उभी राहून न्यायाधीशांपुढे जाई.

त्या पायांना न्यायालयाने कधी काळी साक्षीस बोलावले होते, हेही नमूद करण्याजोगे आहे. वापराने यंत्राच्या अक्षरांची टोके झिजतात. एखाद्या अक्षराची लादी तुटते, एखादे वाकडे उमटते, आणि त्यावरून कोणता कागद कोणत्या यंत्रावर निघाला हे जाणकार सांगू शकतो. १९५२ साली हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, टंकलेखनाच्या तज्ज्ञाचे असे मत पुरावा कायद्यात बसत नाही. हस्ताक्षराचा तज्ज्ञ चाले, टंकाक्षराचा चालत नसे. चव्वेचाळीस वर्षांनी, १९९६ साली, एस. जे. चौधरी यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ते मत बदलले आणि टंकाक्षराच्या तज्ज्ञासही दार उघडले. तेव्हा अक्षराच्या पायात काय आहे ते कोण पाहतो, या अध्यक्षांच्या प्रश्नास आमचे पहिले उत्तर असे की, सर्वोच्च न्यायालय पाहते.

एवढ्यावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल की, लादीच्या अक्षराशी आमचे वैर नाही. ते प्रामाणिक अक्षर आहे आणि आपले काम चोख करते. आमचे वैर आहे ते त्याचे पाय उपटून देवनागरीला लावणाऱ्या बुद्धीशी.

रोमन अक्षर जमिनीवर उभे राहते. त्याच्या तळाशी एक अदृश्य रेघ आहे, आणि लादीमुळे ती रेघ अधिक दृढ होते, शब्द एका चौथऱ्यावर बसल्यासारखा होतो. देवनागरी अक्षर उभे राहत नाही, ते लटकते. त्याची आधाराची रेघ वर आहे, आणि ती अदृश्य नाही. लहान मूल अक्षर काढते तेव्हा शेवटी त्यावर रेघ ओढून शब्द बांधते. म्हणजे रोमनला जे काम करण्यासाठी लादी लागली, ते काम देवनागरीत शिरोरेषा पूर्वीपासून करीत आली आहे. आमची लादी आमच्या डोक्यावर आहे. तिच्या जोडीस तळाशी दुसरी लादी घातली की वर छत, खाली फरशी आणि मध्ये अक्षर कोंडलेले, अशी अवस्था होते. त्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर नेमके हेच झाले होते. संस्थेचे नाव गजांच्या खिडकीसारखे दिसत होते.

येथे एक चतुर सभासद म्हणाले की, देवनागरीला पाय नाहीत असे कसे म्हणता? आपण अक्षराचा ‘पाय मोडतो’ ना? मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो आमच्याच बाजूचा आहे. देवनागरी अक्षराचा पाय मोडतो तेव्हा त्यातील स्वर जातो. तो पाय म्हणजे अलंकार नव्हे, ते व्याकरण आहे. दंडाच्या तळाशी जी जागा रोमनमध्ये रिकामी असते, ती आमच्याकडे भाडेकरूंनी भरलेली आहे: ऱ्हस्व उकार तेथे, दीर्घ ऊकार तेथे, ऋकार तेथे, आणि पाय मोडण्याची तिरपी रेघही तेथेच. त्या जागी लादी आणून बसविणे म्हणजे राहत्या घरात न विचारता फरशी घालणे होय. ‘पु’ या अक्षरात उकार दंडाच्या टोकाला लागतो. तेथे आधीच लादी असेल तर उकाराने जावे कोठे? त्या नमुन्यात तो लादीच्या खाली अधांतरी टांगलेला होता. आणि ‘उद्‌घाटन’ हा शब्द, जो कोणत्याही स्मरणिकेत असावयाचाच, त्यातील ‘द’चा पाय मोडला आहे की नाही, हे भिंग घेतल्यावाचून कळेना. ‘वाङ्‌मय’ या शब्दाची तीच गत. वाङ्‌मयासाठी स्थापन झालेल्या संस्थेला स्वतःच्या मुखपृष्ठावर तो एक शब्द धड छापता येऊ नये, यास आम्ही किरकोळ म्हणत नाही.

याच शहरात दुकानाच्या पाटीवर तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून असतात. तेलुगू अक्षर गोल आहे. त्याच्या डोक्यावर तलकट्टूची तुरेवजा खूण असते, पायाचा पत्ताच नसतो. उर्दूचे नस्तालिक तर उजवीकडून डावीकडे उतरत येते, जणू जिना उतरणारा खानदानी माणूस. आजवर कोणा चित्रकाराने नस्तालिकच्या ‘ये’ला लादीचे पाय लावून आणले असे आम्ही पाहिले नाही, लावले असते तर छत्ता बाजारात त्याचे दुकान दुसऱ्या दिवशी उघडले नसते. उच्च न्यायालयापासून पायी जाण्याजोगा हा बाजार म्हणजे छापखान्यांचा, लग्नपत्रिकांचा आणि कातिबांचा. नस्तालिक शिशाच्या खिळ्यांत बसविण्याचे प्रयत्न निजामाच्या काळी या शहरात झाले. अक्षर खिळ्यात बसेना, आणि वाचकाला खिळ्यात बसेल असे सपाट अक्षर आवडेना. तेव्हा उर्दूने काय केले? शिळाछाप पत्करली, कातिबांचे हात पत्करले, दैनिक वृत्तपत्रसुद्धा रोज रात्री हाताने लिहून काढण्याचे कष्ट पत्करले. पण अक्षराचा ढंग मोडू दिला नाही. अखेर १९८१ साली ‘नूरी नस्तालिक’ आले. मिर्झा अहमद जमील यांनी शब्दांचे सुमारे वीस हजार जोडतुकडे लिहून दिले आणि यंत्रच अक्षराकडे चालत आले. याची किंमत उर्दूने मोजली आहे, आणि ती लहान नव्हती. छपाईत ती भाषा कित्येक दशके मागे राहिली. तरीही आम्ही जेव्हा त्या बाजारातून जातो तेव्हा आम्हांस आमच्या बैठकीची लाज वाटते. त्यांच्यापुढे यंत्राचे खरे संकट होते. आमच्यापुढे कोणतेही संकट नसताना आम्ही केवळ हौसेने पाय मागून आणले.

मग देवनागरीत ठळक अक्षर असूच नये काय? असावे. खरे सांगावयाचे तर जाड टायपाने शब्द उठविणे ही रीतच मुळी आपली नव्हे. आपल्या पोथ्यांत लेखक महत्त्वाचा शब्द जाड करीत नसे, तो हिंगुळाने किंवा गेरूने लाल करी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात मूळ शब्द डोळ्यांत भरण्यास क्लॅरेंडनची गरज पडली नाही, कारण लिपीच वेगळी होती. पण छापखान्याबरोबर काळा टाईप आला आणि तो आता आपला झाला. त्यास परत पाठवा असे म्हणणारे आम्ही नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, काळेपणा आपल्या अक्षराच्या अंगातून यावा. आपले अक्षर तिरप्या कापलेल्या बोरूने घडले, आणि त्या बोरूचा छेद रोमन लेखणीच्या छेदाच्या उलट दिशेचा. म्हणून ते जाड करताना कोठे मांस चढवावे व कोठे उसंत ठेवावी, याचे गणित निराळे आहे. शिरोरेषा किती जाड करावी, ‘क’च्या दोन्ही बाजूंची पोकळी किती उघडी ठेवावी, ‘ख’चा ‘रव’ होऊ नये म्हणून त्याची गाठ कोठे मारावी, हे खरे प्रश्न आहेत. पायाशी लादी चिकटविणारा या एकाही प्रश्नाला हात घालीत नाही.

हे प्रश्न सोडविणारी माणसे आपल्यात होऊन गेली. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामास होते. पुढे त्यांनी मुंबईत स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा ठसे कोरणारा कारागीर त्यांना लाभला. निर्णयसागरच्या टायपात संस्कृत ग्रंथ छापले गेले, ते काशीच्या पंडितांनी आणि युरोपातील विद्वानांनीही मानले. त्या टायपाला कोणी विचारले नाही की तू बाजूच्या इंग्रजी टायपासारखा का दिसत नाहीस. पुढे टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला. मराठी टंकलेखन यंत्र आले तेव्हा अर्धे अक्षर निराळे व काना निराळा दाबण्याची पाळी येऊन शिरोरेषेला जागोजाग सांधे दिसू लागले. ती यंत्राची अडचण होती, आणि लोकांनी ती अडचण म्हणूनच सोसली. आमच्या काळात र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ रेखाटले आणि संगणकात देवनागरीला घर मिळाले. आज अडचण उरलेली नाही. संगणकात हजार जोडाक्षरे ठेवा, कोणी अडवीत नाही. अशा वेळी आपण काय करतो, तर इंग्रजी अक्षराशी मॅचिंग शोधतो, साडीला पोलके शोधावे तसे. त्या मॅचिंगच्या भरात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात तेही कोणाच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली शासन निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिले आहेत. पण तो निर्णय हैदराबादेत कोण वाचणार, आणि मुंबईत तरी किती जणांनी वाचला आहे?

आता कायद्याकडे येतो, कारण रोगाचे मूळ आमच्या मते तेथेही आहे. बेस्लीने क्लॅरेंडन काढले तेव्हा इंग्लंडात १८४२ चा शोभाकृतींचा कायदा नुकताच झाला होता. त्याखाली बेस्लीने आपले अक्षर नोंदविले. अक्षरवळणाला कायद्याचे असे संरक्षण मिळण्याचा हा आरंभीचा दाखला होय. संरक्षण केवळ तीन वर्षांचे होते, आणि मुदत सरताच इतर ओतशाळांनी नकलांचा पाऊस पाडला. पण ती तीन वर्षे मोलाची ठरली. कोरणाऱ्याचे श्रम ही मालमत्ता आहे, एवढे तरी राज्याने मान्य केले. बेस्ली पुढे, १८६९ साली, लंडनचा लॉर्ड मेयर झाला. जावजींच्या मुंबईत अक्षर ओतणाऱ्यास नगराध्यक्ष करण्याची कल्पना कोणास सुचली असती काय?

आपल्याकडे आज काय स्थिती आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अक्षरवळणाचे नाव नाही. २००२ साली ‘आनंद एक्स्पांडेड इटालिक्स’ या वळणाचा प्रश्न त्या वेळच्या कॉपीराइट मंडळापुढे आला, आणि मंडळाने अक्षरवळण ही कलाकृती म्हणून नोंदण्यास नकार दिला. म्हणावे तर रचनांच्या २००० सालच्या कायद्याकडे जा; तेथे दहा वर्षे, आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते, वर्गवारीत टाईप व अक्षरवळणे यांसाठी एक कप्पाही आहे. पण तो कायदा रचना पाहतो ती वस्तूवर. शिशाचा खिळा ही वस्तू होती. संगणकातील अक्षर ही वस्तू आहे काय, यावर आम्ही फी घेऊन दोन्ही बाजूंनी तितक्याच जोराने बोलू शकतो, आणि जेथे वकिलाला दोन्ही बाजूंनी बोलता येते तेथे कारागिराने विसंबून राहू नये. त्यातही कॉपीराइट कायद्याचे पंधरावे कलम असे की, रचना म्हणून नोंदता येण्याजोगी आकृती नोंदविली नाही आणि यंत्राने तिच्या पन्नासाहून अधिक नकला काढल्या, तर तिच्यातील कॉपीराइट संपतो. अक्षर तर नकलेसाठीच जन्मते. एका पानावरच पन्नास ‘क’ होतात. इंग्लंडने १९८८ च्या कायद्यात अक्षरवळणाला नाव घेऊन स्थान दिले आणि २५ वर्षांची मुदत घातली. आपण आपल्या अक्षरकारास त्रिशंकूसारखे मध्येच लटकत ठेवले आहे. त्याने संगणकाचा प्रोग्राम म्हणून संरक्षण मागावे, म्हणजे अक्षराबद्दल नव्हे तर ते साठविणाऱ्या आज्ञावलीबद्दल मागावे, एवढीच वाट उरते.

याचा परिणाम असा की, देवनागरीचे काळे अक्षर मुळापासून घडविण्यात जो दोन-चार वर्षे घालवील, त्याची नकल सकाळी निघेल. आणि इंग्रजी अक्षराचे पाय कापून चिकटविणाऱ्याचे काम एका दुपारी होते. मग चित्रकाराने कोणते काम पत्करावे? आम्ही त्या पोराला दोष देत नाही.

एकरूपतेचा कैवार घेणाऱ्यांस न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, दोन लिप्या एका पानावर नांदविणे हा खरा प्रश्न आहे, आणि तो चांगल्या रीतीने सोडवणारेही आहेत. ‘कर्मा’ नावाचे एक अक्षरकुल आहे. जोआना कोरेया या पोर्तुगीज रेखनकर्तीने ते इंडियन टाईप फाउंड्रीसाठी केले, आणि ते कोणासही फुकट वापरता येते. त्यातील रोमन अक्षरे लादीची आहेत. देवनागरी अक्षरांना मात्र पाय चिकटविलेले नाहीत. रेघांची जाडी, पानावरचा काळेपणा आणि अक्षरांची ऐसपैस ठेवण एवढेच जुळविले आहे. दोन गवई एका सुरात गातात म्हणून त्यांनी एकच पगडी घालावी लागत नाही. परदेशी बाईंना जे कळले ते आमच्या समितीला का कळू नये, हा प्रश्न आम्ही बैठकीत विचारला होता. इतिवृत्तात तो आलेला नाही.

कोंकणी वाचकांस या वादाचे आणखी एक अंग दिसेल. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. तेथेच फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, आणि ते मराठी काव्य असूनही रोमन अक्षरांत छापले गेले, कारण नागरीचे खिळे नव्हते. म्हणजे छापील मराठीचे पहिले मोठे पुस्तकच परक्या पायांवर उभे राहिले. ती लाचारी होती, आणि स्टीफन्ससारख्या या भाषेवर जीव टाकणाऱ्या माणसाची होती, म्हणून आपण ती आदराने आठवतो. रोमी कोंकणीची गोष्ट निराळी. तेथे रोमन लिपी कित्येक पिढ्यांच्या वापराने घरची झाली आहे. तियात्राच्या जाहिरातीत लादीचे अक्षर यावे यात गैर काहीच नाही, ते आपल्या लिपीत आपल्या पायांवर उभे असते. पण १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीसाठी जी देवनागरी गोव्यात मानली, ती तरी पुरी देवनागरी असू द्या. अर्धी नागरी आणि अर्धी लादी अशी तिसरीच लिपी कोणत्याही कायद्याने मानलेली नाही.

बैठकीनंतर चारेक दिवसांनी तो चित्रकार आमच्या घरी आला. पंचविशीचा मुलगा, विवेकवर्धिनीत शिकलेला. आम्ही त्याच्यापुढे निर्णयसागरचे एक जुने पुस्तक ठेवले, पाटीवर खडूची आडवी बाजू धरून ‘पु’ काढून दाखविला, आणि उकाराला जागा कोठे लागते ते पाहा म्हटले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “काका, मराठीचे पाय काढतो. पण मग इंग्रजीचे ठेवू का?” आम्ही म्हणालो, ठेव, ते त्याचेच आहेत. दोन रात्रींनी त्याने नवा नमुना आणला. इंग्रजी नाव लादीवर उभे आहे. मराठी नाव शिरोरेषेला धरून लटकले आहे, शिरोरेषा थोडी जाड झाली आहे, ‘क’ला श्वास घेण्यापुरती पोकळी आहे, आणि ‘उद्‌घाटन’मधील ‘द’चा पाय हातभर अंतरावरून मोडलेला दिसतो. ‘ल’ पाकळीचा आहे. काळेपणा दोन्हींचा सारखा.

बैठक येत्या रविवारी आहे. कार्यक्रमपत्रिका काल हाती आली. मुखपृष्ठाचा विषय सर्वांत शेवटी, ‘किरकोळ’ या सदराखाली घातलेला आहे.